फाट्यापासून उंबऱ्यापर्यंत

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग १८५९ साली कुर्डुवाडीपर्यंत येऊन पोचला, तेव्हा तेथील स्थानकाला कंपनीने 'बार्शी रोड' असे नाव दिले. बार्शी तेथून सुमारे ३५ किलोमीटर दूर. रेल्वेच्या परिभाषेत गावाच्या नावापुढे 'रोड' लागले की त्याचा अर्थ सरळ असतो: गाव येथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता तेवढा येथे आहे, पुढचे ज्याचे त्याने पाहावे. बार्शीच्या व्यापाऱ्यांनी पुढची सदतीस-अडतीस वर्षे ते बैलगाड्यांच्या साहाय्याने पाहिले. अखेर एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने लंडनमध्ये कंपनी स्थापन करून १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी सुरू केली आणि मुख्य मार्ग व गाव यांमधील ती दरी भरून निघाली. हीच गाडी पुढे १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. १ जानेवारी १९५४ रोजी ती सरकारच्या मालकीची झाली.

या जुन्या इतिहासाची आठवण करून देण्याचे कारण असे की, 'रोड' हा शब्द आज एस. टी.च्या भाषेत 'फाटा' होऊन बसला आहे. गाडी फाट्यावर थांबते, प्रवासी उतरतो, गाडी निघून जाते. त्यापुढचे दोन-तीन मैल कोणाच्याही वेळापत्रकात नसतात. ते कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेले नसतात आणि कोणत्याही सवलतीच्या पासावर छापलेले नसतात. परंतु शाळेला जाणारी मुलगी, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून परतणारा वृद्ध, डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली बाई यांच्या दृष्टीने प्रवासाचा सर्वांत कठीण भाग तोच असतो. हा भाग आज जो भरून काढतो त्याला सोलापूर, सांगली, साताऱ्याकडे 'वडाप' म्हणतात. मराठवाड्यात 'काळी-पिवळी' म्हणतात. कायदा त्याला बहुतेक वेळा 'अवैध प्रवासी वाहतूक' म्हणतो.

माढा तालुक्यात हा प्रश्न जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल. माढा हे तालुक्याचे मुख्य ठिकाण. तहसील कचेरी येथे, न्यायालय येथे, सात-बाराच्या आणि दस्तांच्या खेपा येथे. परंतु रेल्वेचे जंक्शन कुर्डुवाडीला, एस. टी.चे आगार कुर्डुवाडीला, प्रांत कचेरी कुर्डुवाडीला आणि पंचायत समितीही कुर्डुवाडीला. माढ्यालाही मुख्य लोहमार्गावर स्थानक आहे. पण लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या तेथे थांबत नाहीत. पुणे–सोलापूर महामार्ग दोन्ही गावे टाळून टेंभुर्णी आणि मोडनिंबवरून जातो. म्हणजे ज्या शेतकऱ्याचे वारसनोंदीचे काम तहसीलदाराकडे आणि घरकुलाचे काम पंचायत समितीकडे अडकलेले आहे, त्याला शासनानेच दोन गावांमध्ये येरझारा घालण्यास भाग पाडले आहे. ज्याने कामे दोन ठिकाणी वाटली, त्याच्यावर त्या दोन ठिकाणांना जोडण्याची जबाबदारी येत नाही काय? माढा हे नाव २००९ साली एका ज्येष्ठ केंद्रीय मंत्र्यांच्या उमेदवारीमुळे दिल्लीपर्यंत पोचले. दिल्लीला पोचलेल्या या नावाच्या गावात वस्तीवरून कचेरीपर्यंत पोचणे मात्र अजून ज्याच्या-त्याच्या नशिबावर सोपवलेले आहे.

यात भर पडली ती पाण्याची. भीमेवरील उजनी धरण याच तालुक्यात, १९८० साली पुरे झाले. पुढे कालव्याचे आणि उपशाचे पाणी शिवारात फिरले, ऊस आला, आणि उसाबरोबर माणसे गावठाण सोडून शेतात राहायला गेली. पिकाला रात्री-अपरात्री पाणी द्यायचे, जनावरे सांभाळायची, तर घर शेतातच हवे. आज या भागातील गावाचा मोठा हिस्सा गावठाणात राहत नाही. तो वस्त्यावस्त्यांवर विखुरलेला आहे. एस. टी.ची रचना मात्र गावठाण गृहीत धरून झाली. चावडी, पार, देऊळ आणि शाळा जेथे एकवटलेली असत, तेथे गाडी आली की गावाला गाडी आली असे समजण्याचा तो काळ होता. पाण्याने माणसे हलवली. वेळापत्रक हलले नाही. वडापवाल्याच्या जीपने या बदलाची दखल शासनाच्या कितीतरी आधी घेतली, कारण त्याला ती घ्यावीच लागली. ऊसपट्ट्यातल्या पाणंदीने जाऊन अमक्याच्या वस्तीवर तमकीला उतरवायचे, हे त्याचे रोजचे गणित आहे.

वडापाबद्दल बोलताना म्हणूनच दोन टोके टाळली पाहिजेत. एक टोक असे की, हे सारे गुंड आणि कायदेभंग करणारे लोक असून त्यांनी एस. टी. बुडवली. दुसरे टोक असे की, हाच खरा उद्योजक; सरकारने बाजूला व्हावे आणि बाजाराला मोकळे सोडावे, म्हणजे प्रत्येकाच्या दारात गाडी उभी राहील. दोन्ही म्हणणी अर्धवट आहेत आणि दोन्हींची किंमत अखेर प्रवासीच मोजतो.

पहिल्या टोकाला उत्तर सोपे आहे. वडाप चालवणारा बहुधा त्याच गावचा असतो. अल्पभूधारक कुटुंबातला, शिक्षण अर्धवट सुटलेला, सावकाराच्या नाहीतर वित्तसंस्थेच्या कर्जावर जुनी जीप वा टमटम घेतलेला हा तरुण श्रमजीवीच आहे. तो भाडे उधार ठेवतो. रात्री बाळंतीण अडली तर गाडी काढतो. खताचे पोते, शेळीचे करडू, लग्नाचा बस्ता असे काहीही तो नाकारत नाही. त्याची गाडी वृद्धेला उंबऱ्याशी उतरवते आणि तिची पिशवी ओटीवर नेऊन ठेवते. एस. टी.नेही एके काळी 'हात दाखवा, गाडी थांबवा' ही योजना काढून या आपुलकीच्या दिशेने पाऊल टाकले होते. परंतु मोठी गाडी मोठ्या रस्त्यावर कोठेही थांबली तरी पाणंदीत वळू शकत नाही.

दुसऱ्या टोकाला उत्तर देण्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागते. स्वातंत्र्यापूर्वी या प्रदेशात खाजगी 'सर्व्हिस मोटारी' धावत असत. त्यांना वेळ नव्हती, माणसांची मर्यादा नव्हती, भाडे मागेल ते. ज्या मार्गावर उतारू भरपूर तेथे गाड्यांची झुंबड आणि आडमार्गाला कोणी फिरकत नसे. या अनागोंदीवर उपाय म्हणून प्रवासी वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, आणि १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने या व्यवस्थेला देशभर पाया मिळाला. 'गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एस. टी.' या घोषणेमागे एक अर्थशास्त्र होते. भरगच्च मार्गावरील उत्पन्नातून ओस मार्गावरचा तोटा भरून काढायचा. पुण्याच्या प्रवाशाने नकळत माढ्याच्या प्रवाशाला हातभार लावायचा. समाजातील साधे ऐक्यभाव असे जमाखर्चाच्या वहीतूनही व्यक्त होत असतात.

वडाप या व्यवस्थेच्या मुळावरच घाव घालतो, आणि तो जाणूनबुजून घालतो असे नव्हे. माढा–कुर्डुवाडी रस्त्यावर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, बाजाराच्या दिवशी, जत्रेच्या दिवशी जेव्हा माणसे भरपूर असतात तेव्हा जीपगाड्या एस. टी.च्या पुढे पाच मिनिटे निघतात आणि साय तेवढी काढून नेतात. दुपारी दोन वाजता किंवा रात्री आठ वाजता, पावसात, मोजक्या माणसांसाठी धावायची वेळ आली की ते काम एस. टी.कडे राहते. उत्पन्न घटले की एस. टी. फेरी कमी करते. फेरी कमी झाली की उरलेला प्रवासी वडापाकडे वळतो. त्यामुळे उत्पन्न आणखी घटते. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट मोरिंग यांनी १९७२ साली शहरी बस वाहतुकीबद्दल मांडलेला सिद्धान्त येथे उलटा लागू पडतो. मोरिंग यांनी दाखवले की, सार्वजनिक गाडीत प्रवासी वाढले की फेऱ्या वाढतात, फेऱ्या वाढल्या की प्रत्येकाची थांब्यावरची ताटकळ कमी होते. म्हणजे नवा प्रवासी जुन्या प्रवाशांवर उपकारच करतो आणि म्हणून अशा सेवेला सार्वजनिक पैशाचा आधार देणे न्याय्य ठरते. खेड्यात हे चक्र उलटे फिरू लागले आहे. एस. टी. सोडून जाणारा प्रत्येक प्रवासी मागे राहणाऱ्याची ताटकळ वाढवून जातो.

आणि वडापाची वेळ तरी कुठे बांधलेली असते? 'शीट' भरल्याखेरीज जीप हलत नाही. कायद्याच्या व्याख्येत मॅक्सीकॅब म्हणजे चालकाखेरीज सहापेक्षा अधिक आणि बारापर्यंत उतारूंची गाडी. समजा, अकरा जण बसले आहेत आणि बाराव्याची वाट पाहत गाडी अर्धा तास थांबली. अकरा माणसांचे प्रत्येकी अर्धा तास म्हणजे साडेपाच तास. एका शीटच्या भाड्यासाठी एका मजुराच्या कामाच्या दिवसाचा दोन तृतीयांश भाग जळाला. हा खर्च चालकाच्या हिशेबात येत नाही, कारण तो त्याच्या खिशातून जात नाही. तो जातो रोजंदारीवर जाणाऱ्या बाईच्या हजेरीतून, पहिल्या तासाला मुकणाऱ्या विद्यार्थ्याच्या शिक्षणातून आणि दवाखान्याची वेळ टळलेल्या रुग्णाच्या प्रकृतीतून. शिवाय बारा जण भरले म्हणून गाडी निघतेच असे नाही. अठरा-वीस जण कोंबले जातात, मागच्या फळीवर पोरे लोंबकळतात, आणि तरुण मुलींना त्या गर्दीत जे सोसावे लागते त्याची तक्रार कोणत्या खिडकीवर करावी हे त्यांना कोणीच सांगितलेले नसते.

या साऱ्याहून गंभीर बाब विम्याची आहे. खाजगी वापरासाठी नोंदलेल्या गाडीत भाडे घेऊन माणसे बसवली तर तो परवान्याचा आणि विमापत्राच्या अटींचा भंग ठरतो. केवळ कायद्याने सक्तीचा असलेला विमा काढलेला असेल तर अशा खाजगी गाडीतील उतारू त्याच्या छत्राखाली येतच नाही. २०१८ साली अमृतपाल सिंग विरुद्ध टाटा एआयजी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, परवान्याविना वाहन रस्त्यावर आणणे हा मूलभूत स्वरूपाचा भंग आहे असे मानले आणि विमा कंपनीने भरपाई देऊन ती वाहनमालकाकडून वसूल करावी या आदेशावर शिक्कामोर्तब केले. या कायदेशीर भाषेचा अर्थ ग्रामीण भागात असा होतो: अपघात झाला की एका घरातला कर्ता जातो आणि वसुलीपोटी दुसऱ्या घराची गाडी, प्रसंगी जमीन जाते. दोन्ही घरे एकाच गावातली, दोन्ही गरीब. ज्या व्यवस्थेने त्या दोघांना एकाच जीपमध्ये बसवले ती मात्र नामानिराळी राहते.

येथे शासनाच्या भूमिकेकडे वळणे भाग आहे. बसस्थानकापासून दोनशे मीटरच्या आत खाजगी प्रवासी वाहनांना मज्जाव आहे, हे फलक ठिकठिकाणी आढळतात. त्या फलकांच्या आडोशालाच जीपगाड्या उभ्या असतात. वर्षातून एक-दोनदा मोहीम निघते, काही गाड्या पकडल्या जातात, दंड होतो आणि आठवड्याने सर्व पूर्ववत होते. बेकायदेशीरपणालाही बाजारात एक किंमत असते. ती हप्त्याच्या रूपाने चुकवली जाते, आणि जीपवाला ती शीट वाढवून वसूल करतो. म्हणजे गर्दी करून बसणारा प्रवासी आपल्या भाड्यातून एक प्रकारचा करच भरत असतो. फरक इतकाच की तो सरकारी तिजोरीत जमा होत नाही. एस. टी.च्या तिकिटावर मात्र १९५८ च्या कायद्याखालील प्रवासी कर दीर्घकाळ साडेसतरा टक्के दराने लागत आला. जो नियमाने चालतो त्याने कर द्यावा, जो नियमाबाहेर चालतो त्याने हप्ता द्यावा, आणि दोघांचाही भार एकाच प्रवाशाने वाहावा, अशी ही विभागणी आहे.

ही बेकायदेशीरता अपरिहार्य नाही, हे शासनानेच एकदा दाखवून दिले आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. संप सुरू झाल्यानंतर थोड्याच दिवसांत, ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, अधिसूचना काढून खाजगी बस, शाळांच्या बस आणि इतर वाहनांनाही प्रवासी वाहून नेण्याची मुभा देण्यात आली. काल जे अवैध होते ते एका कागदाने वैध झाले. पण त्या कागदाने भाड्याची शिस्त आणली नाही, सवलती आणल्या नाहीत, विमा आणला नाही. त्या पाच-साडेपाच महिन्यांत मुलींच्या हातातले एस. टी.चे पास केवळ कागदाचे तुकडे होऊन राहिले. ज्या मुलीचे वडील रोजचे वडापाचे भाडे देऊ शकले ती शाळेत गेली. ज्यांना ते जमले नाही तिची शाळा सुटली, आणि सुटलेली शाळा संप मिटल्यावर प्रत्येकीला परत मिळाली असे मानणे भोळेपणाचे होईल.

सवलतींचाच विचार अधिक बारकाईने करावयास हवा. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेखाली ग्रामीण मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळतो. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी.चा प्रवास मोफत झाला; १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे झाले. या सवलतींचे स्वागतच केले पाहिजे. त्यांमुळे कितीतरी स्त्रिया माहेरी, दवाखान्यात, बाजारात अधिक मोकळेपणाने जाऊ लागल्या. पण या साऱ्या सवलती गाडीच्या पत्र्याला चिकटवलेल्या आहेत, प्रवाशाच्या वाटेला नव्हेत. ऐंशी वर्षांच्या आजीला सोलापूरपर्यंत फुकट जाता येते. फाट्यापासून वस्तीपर्यंतचे दोन मैल मात्र पूर्ण भाड्याने किंवा पायांनी. जेथे एस. टी. वळतच नाही तेथील स्त्रीला निम्म्या भाड्याचा हक्क कायद्याने आहे, व्यवहाराने नाही. हक्क आहे परंतु त्याची पावती फाडणारी खिडकी नाही, अशी ही अवस्था आहे.

मग करावे काय? वडाप मोडून काढणे शक्य नाही आणि इष्टही नाही. एस. टी. मोडीत काढण्याचा प्रयोग शेजारच्या मध्य प्रदेशाने करून पाहिला. तेथील राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय २००५ साली झाला. आणि वीस वर्षांनी, २०२५ साली, त्याच राज्याच्या मंत्रिमंडळाला मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा या नावाने सार्वजनिक वाहतुकीची नवी योजना मंजूर करावी लागली. विहीर बुजवणे एका दिवसाचे काम. पुन्हा खणायला पिढी जाते. दिल्लीने १९९२ नंतर खाजगी 'रेडलाइन' बसगाड्यांना रस्ता मोकळा केला. उतारू पळवण्याच्या शर्यतीत त्यांच्याखाली इतकी माणसे चिरडली गेली की नाव बदलून 'ब्लूलाइन' करावे लागले. नाव बदलले, शर्यत तशीच राहिली. कारण चालकाची कमाई उताऱ्यांच्या संख्येवर अवलंबून होती. हे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. दोष चालकाच्या स्वभावात नसून त्याच्या मोबदल्याच्या रीतीत असतो. ज्याला शीटमागे पैसे मिळतात तो शीट भरेपर्यंत थांबणार आणि भरल्यावर सुसाट सुटणार.

ज्या देशांनी या प्रश्नाला हात घातला त्यांचे अनुभव उपयोगी पडतील. केनियातील 'मटाटू' म्हणजे तेथला वडापच. तेथील परिवहनमंत्री जॉन मिचुकी यांनी १ फेब्रुवारी २००४ पासून उताऱ्यांची कमाल संख्या, पट्टे, वेगनियंत्रक आणि कर्मचाऱ्यांना ठराविक पगार यांची सक्ती केली. २०१० नंतर एकट्यादुकट्या मालकाऐवजी सहकारी संस्था वा कंपनी यांच्यामार्फतच परवाना देण्याचे धोरण आले, आणि अशा संस्थेकडे किमान ३० गाड्या असाव्यात असा दंडक झाला. अंमलबजावणी पुढे सैलावली हे खरे. परंतु विखुरलेल्या गाडीवाल्यांना संस्थेत बांधता येते, हे तेथे सिद्ध झाले. आपल्याच देशात तमिळनाडूने १९९७ साली मिनीबसची योजना काढली. मार्ग २० किलोमीटरपर्यंतचा, आणि त्यातील १६ किलोमीटर असे की जेथे आधी बस नव्हती. मुख्य रस्त्याशी जोडण्यापुरते चार किलोमीटर तेवढे बससेवेच्या मार्गावर. या एका अटीत मोठे शहाणपण आहे. छोट्या गाडीने मोठ्या गाडीचे उतारू पळवू नयेत, तिला ते आणून द्यावेत.

महाराष्ट्रात असे काही करण्यास कायद्याची आडकाठी आहे काय? मुळीच नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ६७ मध्ये तिसरे पोटकलम आले, आणि त्यान्वये राज्य शासनाला अखेरच्या टप्प्याची जोडणी व ग्रामीण वाहतूक यांसाठी स्वतंत्र योजना आखून अनुज्ञप्ती देण्याचा अधिकार मिळाला. कायद्याने दार उघडले. आत पाऊल टाकायचे काम शिल्लक आहे. सोलापूर जिल्ह्यासारख्या, सहकारी साखर कारखान्यांच्या आणि दूध संस्थांच्या जिल्ह्याला सहकाराचे धडे बाहेरून आणण्याचीही गरज नाही. ज्या शिवारातून ऊस ठरलेल्या पाळीने कारखान्यापर्यंत पोचतो, रोज सकाळ-संध्याकाळ दूध वेळेवर संकलन केंद्रावर जाते, त्याच शिवारातून माणूस वेळेवर का पोचू नये? ऊस आणि दूध यांच्यासाठी जमणारे वेळापत्रक माणसासाठी जमत नाही, याला अडचण म्हणता येणार नाही. तो अग्रक्रमाचा प्रश्न आहे.

योजनेचा सांगाडा साधा आहे. माढा–कुर्डुवाडी, माढा–मोडनिंब, कुर्डुवाडी–टेंभुर्णी असे मुख्य मार्ग एस. टी.ने ठरलेल्या अंतराने, सकाळपासून रात्रीपर्यंत, न चुकता चालवावेत. वस्ती ते फाटा या पाणंदीच्या मार्गांवर वडापवाल्यांच्या सहकारी संस्थेच्या गाड्या धावाव्यात. चालवणारा हाच मालक, एका सभासदाला एकच गाडी, असा नियम असावा. नाहीतर शेतातल्या तरुणाच्या नावावर पुढाऱ्याच्या वीस गाड्या धावू लागतील. प्रत्येक गाडीला परवाना, तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र आणि उताऱ्यांसह पूर्ण विमा असावा. वस्तीपासून कचेरीपर्यंत तिकीट एकच असावे आणि सवलतही शेवटपर्यंत एकच. आज शासन एस. टी.ला सवलतींची प्रतिपूर्ती देतेच, तिचाच थोडा विस्तार पाणंदीपर्यंत करायचा आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जीपवाल्याला मोबदला धावलेल्या किलोमीटरमागे मिळावा, शीटमागे नव्हे. मग चार उतारू असोत की बारा, गाडी वेळेवर सुटेल. कोंबण्याचे कारण उरणार नाही, थांबण्याचे कारण उरणार नाही, शर्यतीचे तर मुळीच उरणार नाही. कोणत्या वस्तीवर किती मुले, किती वृद्ध, कोणता रस्ता पावसाळ्यात बंद पडतो, याची यादी पुण्या-मुंबईच्या सल्लागाराने करण्याची आवश्यकता नाही. ग्रामसभा ती एका बैठकीत करून देईल.

याला दोन बाजूंनी विरोध होईल. एस. टी.च्या कामगार संघटना म्हणतील की, हे मागील दाराने खाजगीकरण आहे. त्यांची भीती निराधार नाही. गेल्या काही दशकांत 'पूरक' म्हणून आत आलेले कितीतरी खाजगी हात पुढे मालक झालेले त्यांनी पाहिले आहेत. म्हणूनच मुख्य मार्गावर जीपला मज्जाव, वेळापत्रक आणि तिकीट यांवर महामंडळाचे नियंत्रण आणि फेऱ्यांची किमान संख्या या तिन्ही गोष्टी करारातच लिहिलेल्या हव्यात. फाट्यावर आणून सोडलेला प्रत्येक उतारू एस. टी.च्या पदरात पडणार आहे, हेही संघटनांनी लक्षात घ्यावे. दुसरीकडून जीपमालक म्हणतील की, बाजाराच्या दिवसाची कमाई गेली. ती जाईल हे खरे. पण हप्ता जाईल, जप्तीची धास्ती जाईल, आणि एका अपघाताने आयुष्यभराचे कर्ज डोक्यावर बसण्याचा धोका जाईल. नियमित मोबदला मिळणाऱ्या माणसाला बँकेच्या दारात जी पत मिळते ती जत्रेच्या कमाईने मिळत नाही.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. एस. टी.चा संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांवर गेल्याचे जून २०२५ मधील श्वेतपत्रिकेनेच सांगितले. अशा वेळी नवा भार कसा उचलायचा, असे विचारले जाईल. परंतु खर्च आजही होतच आहे. तो मजुराच्या बुडालेल्या हजेरीत होतो, सुटलेल्या शाळेत होतो, उशिरा पोचलेल्या रुग्णात होतो, विम्यावाचून उघड्या पडलेल्या विधवेच्या संसारात होतो. तो कोणत्याही ताळेबंदात लिहिला जात नाही, म्हणून तो नाही असे समजण्याची सवय आपल्या नियोजनाला लागली आहे. महामार्गाच्या चौपदरीकरणाला जो खर्च येतो तो गुंतवणूक म्हणून मांडला जातो आणि पाणंदीवरच्या जीपला द्यावे लागणारे चार पैसे अनुदान म्हणून हिणवले जातात. महामार्गावरून धावणाऱ्या मोटारीच्या मालकाला रस्ता दिला तर तो विकास, आणि वस्तीवरच्या म्हातारीला गाडी दिली तर ती खैरात, हा भेद कोणत्या अर्थशास्त्रात बसतो?

सबंध राज्यासाठी एकदम योजना जाहीर करून ती कागदावर मरू देण्यापेक्षा एका तालुक्यात एक वर्ष ती प्रामाणिकपणे चालवून पाहावी. त्यासाठी माढा तालुका सोयीचा आहे: आगार आहे, दोन गावांत विभागलेल्या कचेऱ्या आहेत, उसाच्या शिवारात विखुरलेल्या वस्त्या आहेत, जीपगाड्या आहेत, सहकाराची सवय आहे. वर्षाअखेर हिशेब मांडावा. त्यात केवळ डिझेल आणि तिकिटे धरू नयेत. पाचवीत दाखल झालेल्या किती मुली बारावीपर्यंत टिकल्या याची मोजणी त्याच वर्षापासून सुरू करावी, दुपारनंतर सुटणाऱ्या शेवटच्या गाडीत किती स्त्रिया निर्धास्तपणे बसल्या ते पाहावे, आणि वारसनोंदीसाठी माढ्याला आलेला माणूस त्याच दिवशी कुर्डुवाडीचे काम उरकून दिवेलागणीच्या आत घरी पोचला की नाही ते विचारावे.